आयसीयू एक नंबर, बिलिंग काउंटर वैताग – साडेतीन स्टार

साडेतीनपैकी तीन आयसीयूच्या डॉक्टर मॅडमना, अर्धा कँटीनच्या चहाला. बाबा ७१ वर्षांचे, मुतखडा अडकलेला, थंडी वाजून ताप, दोन दिवस गावातल्या दवाखान्यात सलाईन, तिसऱ्या दिवशी बडबडायला लागले, बीपी ८०/५० आणि डोळे पिवळे. मग काय, सगळं घर कावीळ कावीळ करत सुटलं, आत्या माळ घेऊन आली, काका म्हणे उसाचा रस पाजा, दवाखान्यातूनपण लिव्हरचं टॉनिक लिहून दिलेलं.

इथे इमर्जन्सीत आणल्या आणल्या ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) घेतलं, लगेच अँटिबायोटिक चालू, लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडलं की रक्तात वाढतं ते) ५.२ निघालं (२ च्या आत पाहिजे), आणि त्याच रात्री डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) टाकून तुंबलेली लघवी मोकळी केली तर नुसता पू. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनपायी सगळ्या शरीराचीच वाट लागलेली.

मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिव्हरचं चित्र काढून समजावलं, ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे. म्हणाल्या आजार लिव्हरचा नाहीये, सुक्याबरोबर ओलं जळतंय. बीपी पडलं की लिव्हरला रक्त पुरत नाही, पेशी मरतात, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी मेल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारात जातं. आणि दुसरं म्हणजे जंतू गाळायला तिथे ज्या कुफर पेशी असतात त्या खवळून सायटोकाइन (सूज वाढवणारी रसायनं) सोडतात, त्याने पित्त बाहेर ढकलणारे पंप मंदावतात, म्हणून बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारा पित्तातला रंग) चढतं. तसंच झालं, एसजीपीटी दुसऱ्या दिवशी २१०० आणि सहाव्या दिवशी ३५०, पण बिलिरुबिन उलटं वर वर, बाबा उठून बसून चहा मागतायत आणि रिपोर्टात ७.४! मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे सगळ्यात शेवटी उतरतं, नाहीतर माझंच बीपी गेलं असतं.

लिव्हरसाठी काय देताय विचारलं तर म्हणाल्या वेगळं काही नाही. इन्फेक्शनचं मूळ काढायचं, सलाईन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनवर (बीपी चढवणारं औषध) मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ६५ च्या वर ठेवायचं, शुगर सारखी तपासायची कारण लिव्हर थकलं की ती पडते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघायचा, लिव्हरवर ताण आणणारी औषधं टाळायची, आणि नळीने लवकर खाणं सुरू करायचं. मी नेटवर वाचून प्लाझ्मा एक्सचेंजचा (रक्तातला पातळ भाग काढून दुसरा भरायचा) विषय काढला तर सरळ म्हणाल्या की यांच्यासाठी त्याचा ठोस पुरावा नाही, उगाच खर्च करू नका. मी तेव्हा कशालाही हो म्हणालो असतो, कुणीही बिलात घातलं असतं हो, म्हणून ते तीन स्टार.

आता बाकीचं. काउन्सेलिंगची वेळ पाचची, बोलावतात सातला. रात्री दोन वाजता इंजेक्शन आणायला खाली पाठवतात आणि लिफ्ट बंद, चार मजले. डिपॉझिट संपत आलं की काउंटरवरून फोन मात्र घड्याळ लावल्यासारखा येतो. आणि डिस्चार्ज कार्डावर सगळं होतं पण तो डीजे स्टेंट काढायला कधी यायचं ते नाही, आत विसरला तर त्याच्यावरच खडे धरतात म्हणे, परत वर जाऊन तारीख मीच लिहून घेतली.