जुन्या वाड्याचे म्हणून विकलेले सागवान

माझी आई ज्या पलंगावर झोपते तो आजोबांच्या काळातला असून जमिनीपासून 24 इंच उंच आहे. गुडघे दुखू लागल्यापासून तिला त्यावर चढणे जड जाऊ लागले, म्हणून तिच्यासाठी दोन पायऱ्यांचा लाकडी स्टूल स्वतःच्या हाताने करावा, असे मी गेल्या वर्षीच्या श्रावणात ठरवले. आठ इंचांवर पहिली पायरी, सोळा इंचांवर दुसरी आणि तेथून आठ इंचांवर पलंग, असा सरळ हिशेब होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सुतारकामाची हत्यारे जमवली आहेत. पाट, चौरंग, देव्हारा अशा वस्तू केल्या आहेत, आणि लाकडाची आपल्याला पारख आहे अशी माझी समजूत होती. तोच स्टूल यंदाच्या मे महिन्यात आईच्या पायाखाली चिरला. मनगटाला मुका मार लागण्यावर निभावले. हे का घडले ते मी क्रमाने लिहीत आहे, कारण तशाच फळ्या आमच्या भागात अजूनही विकल्या जात आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव सागाच्या जंगलालगत आहे, तरी चांगले वाळलेले सागवान थोड्या प्रमाणात मिळणे येथेही सोपे नाही. वनविभागाच्या आगारात ओंडक्यांचा लिलाव होतो. ज्याला चारच फळ्या हव्या आहेत त्याला वखारीचीच वाट धरावी लागते. एका परिचिताने शेजारच्या तालुक्यातील एका वखारीचे नाव सुचवले. तेथे पाडलेल्या जुन्या वाड्यांचे लाकूड मिळते, असे तो म्हणाला. वखारवाल्याने मला चार फळ्या काढून दाखवल्या. रंग गडद तपकिरी, वरून तेलाचा हात फिरवलेला, आणि प्रत्येक फळीवर दोन-तीन खिळ्यांची भोके. "सर, शंभर वर्षांच्या वाड्याचे तुळवट हायेत हे. रंधा मारू नका, जुना रंग उडून जाईल," असे त्याने आवर्जून सांगितले. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेले, ही गोष्ट विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तिचाही त्याने उल्लेख केला, आणि आपल्या मातीतल्या लाकडाविषयीच्या अभिमानाने मी आणखी मऊ झालो.

मापाचा हिशेब त्याने माझ्यासमोर केला. चार फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड अशा चार फळ्या म्हणजे 2,880 घनइंच; एका घनफुटात 1,728 घनइंच असतात, तेव्हा हे लाकूड 1.67 घनफूट भरते. 3,600 रुपये दराने 6,000 रुपये झाले. आकडेमोड अचूक होती, पण टेप त्याने स्वतः धरली होती. घरी येऊन मोजले तर रुंदी साडेनऊ इंच आणि जाडी सव्वा इंच निघाली. त्या मापाने लाकूड 2,280 घनइंच, म्हणजे 1.32 घनफूट होते आणि त्याची किंमत 4,750 रुपये. केवळ मापातच माझे 1,250 रुपये गेले होते. मी फोन केला तेव्हा कापणीत आणि रंध्यात इतकी घट धरावीच लागते, असे उत्तर मिळाले, आणि मी ते मान्य केले. फळी रंधलेली मिळत असेल तर दर कोणत्या मापावर, कापणीच्या की हातात पडणाऱ्या, हे आधीच विचारून घ्यायला हवे होते.

याहून मोठी गोष्ट मात्र लाकूडच मला सांगत होते, आणि मी ती ऐकून घेतली नाही. पहिली फळी करवतीने कापली तेव्हा कापाची बाजू आतून फिकट, जवळजवळ पांढरी निघाली. जुने सागवान वरून राखाडी किंवा काळपट झालेले असते, पण ताजे कापले की आत सोनेरी तपकिरी रंग दिसतो, हाताला किंचित तेलकट लागते आणि कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. येथे यांतले काहीच नव्हते. वखारवाल्याने फोनवर समजावले की ऊन न लागल्याने जुने लाकूड आतून फिके राहते आणि तेल दिल्यावर रंग सारखा होतो. कानस मारताना भुसा ओलसर लागला, तेव्हा पावसाळी हवेचा परिणाम असेल असे मी स्वतःच स्वतःला सांगितले. शंभर वर्षे छपराखाली राहिलेले तुळवट पावसाळ्यातल्या चार दिवसांच्या दमट हवेने गाभ्यापर्यंत ओले होत नाही, एवढा विचार त्या वेळी सुचायला हवा होता.

तिसरी खूण तर हातात येऊन पडली होती. सागाच्या अंगच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून सांधा चिकटवण्यापूर्वी ती जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेण्याची पद्धत आहे. मी पुसले आणि पांढऱ्या फडक्यावर तांबूस तपकिरी रंग उतरला. सागाचे तेलच निघते आहे असे मी धरून चाललो. तो वरून लावलेला रंग होता. ते फडके मी अजून जपून ठेवले आहे.

बांधणीत मी कसर केली नव्हती. दोन्ही बाजूंच्या फळ्यांत पटाशीने खाचा कोरून पायऱ्या आत बसवल्या, मागच्या आडव्या पट्टीच्या टोकांना कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, काढून तिचा सांधा घट्ट केला, आणि प्रत्येक पायरीखाली आडवी पट्टी सरस व स्क्रू लावून पक्की केली. येथे माझीही एक चूक झाली, आणि ती लपवावी असे मला वाटत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसते. त्यामुळे रेषांना आडवी जाणारी पट्टी पूर्ण चिकटवू नये, स्क्रूची भोके थोडी लांबट ठेवून फळीला हलायला जागा द्यावी. वाळलेल्या सागवानात हा दोष कदाचित निभावून गेला असता. त्यानंतर 120 आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, आणि दोन हातांमध्ये दोन दिवस जाऊ दिले. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या वेळी उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेटू शकतात. मी ती दोरीवर पसरून वाळवली. दसऱ्याला स्टूल आईच्या पलंगाशी ठेवला. तिने त्यावर हात फिरवला आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला.

होळीच्या सुमारास स्टुलाखाली पिठासारखा बारीक भुसा दिसू लागला. खालच्या पायरीला टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडली होती. मी त्यांत औषध सोडले आणि गप्प राहिलो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा 44-45 अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. त्या दिवसांत पायरी रुंदीत आकसून साडेनऊची सव्वानऊ इंच झाली, खाचेत फट पडली, आणि खालच्या पट्टीने धरून ठेवल्यामुळे ताण सहन न होऊन ती लांबीच्या दिशेने चिरली. आईने पहाटे पाय ठेवला तेव्हा चीर उघडली. तिचा एक हात पलंगाच्या खांबाला होता, म्हणून ती पूर्ण पडली नाही.

त्याच दिवशी मी गावातील वृद्ध मिस्तरींना बोलावले. त्यांनी उरलेल्या तुकड्यांची टोके धारदार पटाशीने साफ केली आणि उन्हात धरून पाहिली. "गुरुजी, हे सागवान नोहे. हा आंबा हाये," असे त्यांनी दोन फळ्यांविषयी सांगितले. सागाच्या प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. आंब्यात छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात. उरलेल्या दोन फळ्यांत तशी रांग होती, पण ते सालीलगतचे पांढरे लाकूड होते, ज्यात गाभ्याचा टिकाऊपणा नसतो आणि ज्यातल्या पिष्टासाठी भुंगेरे येतात. खिळ्यांची भोके त्यांनी शेवटी पाहिली. खरा जुना खिळा निघाला की भोकाभोवती गंजाचा काळपट डाग उरतो. येथे भोके आतून स्वच्छ होती, म्हणजे ती मुद्दाम पाडलेली होती. हे पाहिल्यावर मला सर्वांत जास्त वाईट वाटले, कारण पांढरे लाकूड नजरचुकीने विकले जाऊ शकते, पण भोके नजरचुकीने पडत नाहीत.

कापणीच्या वेळी, भाद्रपदात, एक तुकडा मी किराणा दुकानातल्या काट्यावर सहज तोलला होता आणि त्यावर वजन लिहून ठेवले होते, 1 किलो 240 ग्रॅम. मे महिन्यात तोच तुकडा 930 ग्रॅम भरला. वाळल्यावर उरलेल्या वजनाच्या एक तृतीयांश इतके पाणी मी सागवानाच्या दराने विकत घेतले होते.

मी वखारीत गेलो. वखारवाल्याने फळ्या आपल्या नाहीतच असे सांगितले. पैसे मी रोख दिले होते आणि माझ्याजवळ होता तो नाव, तारीख व सही नसलेला चिठोरा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते. परंतु माल त्याच्याकडूनच घेतला हे दाखवणारा कागद नसेल, तर तक्रार उभी करणे फार कठीण होते. लाकडाचा प्रकार, वाळलेले की ओले, आणि हातात पडणारे माप या तीन गोष्टी लिहिलेली पक्की पावती देण्यास जो तयार नसेल, त्याच्याकडून कृपया काहीही घेऊ नका. आणि फळीचे टोक आपल्यासमोर दोन इंच कापून घ्या, त्या ताज्या कापावर आणि वरच्या रंगावर स्पिरिटचे फडके फिरवा. जो विक्रेता खरे लाकूड विकतो तो याला हरकत घेत नाही.

नवा स्टूल मिस्तरींच्या घरच्या जुन्या दाराच्या चौकटीतून केला. चौकट त्यांनी माझ्यासमोर कापली, तेव्हा ओसरीभर चामड्यासारखा वास पसरला होता. त्या चौकटीचा एक तुकडा आणि वखारीच्या फळीचा एक तुकडा मी आमच्या ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले आहेत. पंचक्रोशीतला जो कोणी लाकूड घ्यायला निघतो, त्याने आधी ते हातात घेऊन पाहावेत असे मी सांगत असतो, आणि आतापर्यंत काही जण येऊन पाहून गेले आहेत.