स्त्रियांसाठीचा अपस्मार बाह्यरुग्ण विभाग: एक अनुभव

धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी आम्ही पुण्यातील एका रुग्णालयात, खास स्त्रियांसाठी चालणाऱ्या अपस्मार (फिट येण्याचा आजार) बाह्यरुग्ण विभागात गेलो. आधीच्या डॉक्टरांनी तिला सहा वर्षे व्हॅल्प्रोएट हे झटके रोखणारे औषध दिले होते. गरोदरपणात या औषधाने बाळाच्या मणक्यात व्यंग राहण्याचा आणि बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका असतो, हे मात्र कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

येथील डॉक्टरबाईंनी तिच्या वहीतील झटक्यांच्या तारखांशेजारी पाळीच्या तारखा लाल शाईने लिहिल्या, तेव्हा बहुतेक झटके पाळीच्या तोंडावरच येतात हे आम्हाला प्रथमच दिसले. जुने औषध एकदम न तोडता हळूहळू लेव्हेटिरासिटॅम हे दुसरे औषध आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड सुरू झाले. अमेरिकेत १९७७ ते १९९३ या काळात गर्भधारणाक्षम स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले जात असे. उलट तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते, आणि अशाच नोंदींतून औषधांचे धोके कळत गेले, हेही बाईंनी समजावले.

अडीच तास ताटकळावे लागले आणि समुपदेशनाला स्वतंत्र खोली नाही, ही उणीव मोठी आहे. तरीही पुढच्या तपासणीला आम्ही येथेच येणार आहोत.