जिवंत मेंदूतलं डोपामिन कशाने मोजायचं?

'सगळ्यात चांगला सेन्सर कोणता?' हा प्रश्न धरून बसलात तर महिना वाया जाईल. आधी एवढंच ठरवा: तुम्हाला डोपामिनची, म्हणजे मेंदूपेशींमधल्या या संदेशवाहक रसायनाची, मूळ पातळी हवी आहे की तिच्यातला बदल? आणि तो बदल सेकंदात होतो की तासाभरात? निम्मा निकाल इथेच लागतो.

पातळी हवी असेल तर मायक्रोडायलिसिस. पाव मिलिमीटर जाडीचा प्रोब, टोकाला पातळ पडदा, आतून मिनिटाला एक-दोन मायक्रोलिटर कृत्रिम मेंदूद्रव वाहतो. बाहेरचे रेणू पडद्यातून आत झिरपतात, ते गोळा करून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायचे. एकाच नमुन्यात डोपामिन, सेरोटोनिन हे दुसरं संदेशवाहक रसायन आणि त्यांच्या विघटनातून झालेले पदार्थ, सगळं मिळतं. पण नमुना साधारण पाच ते वीस मिनिटांनी एक. उंदराने कळ दाबली त्या क्षणी काय झालं, हे याला विचारू नका.

तो क्षण पकडायचा तर फास्ट स्कॅन व्होल्टामेट्री. सुमारे सात मायक्रॉनचा कार्बन तंतू, त्यावर व्होल्टेज उणे ०.४ पासून १.३ व्होल्टपर्यंत चढवून परत उतरवायचं. एक फेरी साडेआठ मिलिसेकंदांची, अशा सेकंदाला दहा. ०.६ व्होल्टच्या आसपास डोपामिन दोन इलेक्ट्रॉन सोडतं आणि आलेखावर उंचवटा दिसतो. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात तो उंचवटा तंतूच्या स्वतःच्या विद्युतप्रवाहाखाली गाडलेला असतो. आधीची फेरी वजा केली तरच तो दिसतो, आणि दीड-एक मिनिटात पार्श्वभूमीच सरकते. म्हणून मूळ पातळी इथे कळत नाही. नॉरएड्रिनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचा आलेखही जवळजवळ तसाच, त्यामुळे इलेक्ट्रोड मेंदूत नेमका कुठे आहे यावरच भिस्त. १९७३ साली राल्फ ॲडम्स यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड घातला, तेव्हा आलेला संकेत बहुतांशी क जीवनसत्त्वाचा निघाला. ते मेंदूत डोपामिनच्या हजारो पट असतं.

शिवाय हे हाताचं काम आहे. तंतू पंपाने काचेच्या नळीत ओढून घ्यायचा, पुलरमध्ये काच तापवून ताणायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली बाहेर डोकावणारा तंतू ब्लेडने शंभर मायक्रॉनवर कापायचा. शिंक आली की गेला! पहिल्या आठवड्यातले बहुतेक इलेक्ट्रोड कचऱ्यात जातील असंच धरून चला.

तिसरा पर्याय २०१८ मध्ये आलेल्या डीलाइट आणि ग्रॅब-डीए या प्रथिनांचा. डोपामिन जिथे चिकटतं त्या पेशीवरच्या प्रथिनातच, म्हणजे रिसेप्टरमध्येच, चमकणारं प्रथिन बसवलेलं असतं. डोपामिन चिकटलं की चमक वाढते. विषाणूमार्फत जनुक पेशींत सोडा, दोन-चार आठवडे थांबा, प्रकाशतंतूने वाचा. हवा तोच पेशीप्रकार निवडता येतो आणि त्याच प्राण्यात आठवडेच्या आठवडे मोजता येतं. नवीन प्रयोगशाळा उभी करत असाल तर माझा कौल यालाच. मात्र हाती येते ती चमकेतल्या बदलाची टक्केवारी, नॅनोमोलरमधलं प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. प्रकाशतंतूही दोनशे-चारशे मायक्रॉनचा, म्हणजे इजेच्या बाबतीत कार्बन तंतू कितीतरी सौम्य.

एक सापळा सहज नजरेतून सुटतो. २०१८ चा ग्रॅब-डीए हा डी-२ या प्रकारच्या डोपामिन रिसेप्टरवर बांधलेला आहे. हॅलोपेरिडॉल या डी-२ रिसेप्टर अडवणाऱ्या मनोविकारावरच्या औषधाचा अभ्यास करायला निघालात तर औषध थेट सेन्सरलाच चिकटेल आणि डोपामिन वाढलेलं असूनही चमक विझेल. तिथे डी-१ वरचा डीलाइट घ्या, नाहीतर मुकाट्याने मायक्रोडायलिसिसकडे वळा.

डोपामिनऐवजी ग्लुटामेट हा दुसरा संदेशवाहक मोजायचा असेल तर साधा कार्बन तंतू कामाचा नाही, कारण ते तिथे इलेक्ट्रॉन सोडत नाही. इलेक्ट्रोडवर ग्लुटामेट ऑक्सिडेझ या विकराचा (एन्झाइमचा) थर द्यावा लागतो, मग त्यातून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायचं. किंवा आयग्लूस्निफर हे चमकणारं प्रथिन वापरायचं.

आणि माणसावर काम करायचं असेल तर जनुकं आणि विषाणू सध्या विसरा. पार्किन्सनच्या रुग्णांवर मेंदूत खोल इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू असताना डोपामिनचे क्षणोक्षणीचे बदल टिपले गेले, ते कार्बन तंतूनेच.