बलाने सोडवावं की ऊर्जेने?

ताशी 72 किलोमीटरने जाणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला, चाकं जाम झाली आणि गाडी घसरत गेली. रस्ता सपाट, घर्षण गुणांक (μ) 0.5. किती अंतरावर थांबेल? असं गणित बलाच्या नियमांनी सोडवणारे, म्हणजे बलवाले, आधी एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढतात: घर्षण μmg, म्हणून मंदन 5 मी/से², मग गतीच्या तिसऱ्या समीकरणातून 40 मीटर. ऊर्जावाले ½mv² = μmgs एवढी एकच ओळ लिहितात आणि तेही 40 मीटरवरच येतात. (गुरुत्व त्वरण g इथे आणि पुढेही 10 धरलाय.)

दोघांचं उत्तर एकच, मग वाद कशाला? पण ‘किती अंतरावर’ऐवजी ‘किती वेळाने’ विचारून बघा. ऊर्जेच्या समीकरणात t कुठेच नाही, त्यामुळे ते गप्प बसतं. बलवाले 20 ला 5 ने भागून 4 सेकंद सांगून मोकळे. उलट वेग निम्मा केला तर काय, असं विचारलं की ऊर्जावाला पेन न उचलता सांगतो: v² आहे, म्हणजे अंतर पाव, 10 मीटर. बलवाल्यालाही ते दिसतं, पण दोन पायऱ्या उतरल्यावर.

कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या टोकांना 3 आणि 2 किलोची वजनं टांगलीत. मोठं वजन 1 मीटर खाली आलं की वेग किती? एकाची स्थितिज ऊर्जा 30 जूल घटली, दुसऱ्याची 20 जूल वाढली, उरलेले 10 जूल 5 किलोच्या गतीत गेले. वेग 2 मी/से. दोरीतल्या ताणाची आठवणही काढावी लागली नाही, कारण तो एका वजनावर जितकं ऋण कार्य करतो तितकंच दुसऱ्यावर धन. ही सोय आहे आणि तीच अडचणही. ताण किती असं विचारलं, तर दोन्ही वजनांच्या एकत्रित ऊर्जेतून तो काही केल्या निघत नाही. त्यासाठी एका वजनाचं एफबीडी काढायचं: त्वरण 2 मी/से², ताण 24 न्यूटन.

खरी गंमत स्प्रिंगमध्ये आहे. छताला टांगलेल्या स्प्रिंगला ठोकळा अडकवला आणि हात एकदम काढून घेतला. स्प्रिंग जास्तीत जास्त किती लांबेल? बलाची सवय असलेला mg = kx (k म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक, x म्हणजे लांबलेलं अंतर) लिहून mg/k उत्तर देतो आणि फसतो. तो समतोलाचा बिंदू झाला. ठोकळा तिथे थांबत नाही, उलट तिथेच त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. ऊर्जेने mgx = ½kx², म्हणजे x = 2mg/k, बरोबर दुप्पट. सगळ्यात खाली वेग शून्य असतो, निव्वळ बल नव्हे. तिथे वरच्या दिशेने पूर्ण mg शिल्लक असतं. आता तोच ठोकळा हाताने धरून सावकाश खाली आणा. या वेळी mg/k हेच उत्तर बरोबर आणि ऊर्जावाला गोत्यात: mgx घटली, पण स्प्रिंगमध्ये निम्मीच सापडते. उरलेली निम्मी हाताच्या ऋण कार्यात गेली, आणि तो हात समीकरणात लिहायचा राहिला.

काही उदाहरणं दोन्ही हातांनीच सुटतात. दोरीला बांधलेला दगड उभ्या वर्तुळात जेमतेम फिरतोय. वरच्या टोकाला ताण शून्य धरून v² = gr मिळतं ते बलातून; खालच्या टोकाला 5gr मिळतं ते ऊर्जेतून; तिथला ताण 6mg हे पुन्हा बलातून. जत्रेतल्या जाळीच्या गोलात फिरणाऱ्या मोटारसायकलला मात्र ही मधली पायरी लावू नका, तिचं इंजिन चालू असतं.

मग प्रवेश परीक्षेसाठी तयारी कशाची करावी? माझं मत: शिकताना बल आधी, पेपरात ऊर्जा आधी. उतारावर घर्षणाने किती कार्य केलं हे काढायला μmg cosθ लागतं, आणि तो cosθ एफबीडीतूनच येतो. ते कच्चं असेल तर ऊर्जेची ओळ छोटी पण चुकीची येते. पेपरात वेगळं गणित. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत उरकायचे असतात. प्रश्नात उंची, अंतर किंवा स्प्रिंग दिलीय आणि वेग विचारलाय, तर थेट ऊर्जा. वेळ, ताण, त्वरण किंवा ‘पृष्ठभाग कधी सुटेल’ असं काही दिसलं, तर बल. चुकीला गुण कापणाऱ्या जेईई मेन किंवा नीटमध्ये वेळ उरला तर दुसऱ्या पद्धतीने पडताळून घ्या.

आणि टक्कर दिसली तर आधी या दोन्ही पद्धती बाजूला सारा. 10 ग्रॅमची गोळी 400 मी/से वेगाने टांगलेल्या 1.99 किलोच्या लाकडी ठोकळ्यात घुसून रुतली. गोळीची 800 जूल ऊर्जा सरळ mgh ला जोडली तर ठोकळा 40 मीटर वर जातो. संवेग अक्षय्यतेने आधी वेग काढा: 2 मी/से, म्हणजे गतिज ऊर्जा फक्त 4 जूल. बाकीचे 796 जूल लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत गेले. इथून पुढे ऊर्जा वापरायला हरकत नाही: ठोकळा 20 सेंटीमीटर वर जातो.