मायक्रोटिक हेक्स: व्हीलॅनसाठी भक्कम, मात्र क्रमाचा आग्रही

मायक्रोटिक या लॅटव्हियन कंपनीचा हेक्स (आरबी७५०जीआर३) हा पाच गिगाबिट पोर्टांचा, वायफाय नसलेला छोटा राउटर आहे. हिशेब विभाग, पाहुण्यांचे वायफाय आणि सीसीटीव्ही एकाच केबलिंगवरून, पण एकमेकांपासून अलग चालवू पाहणाऱ्या लहान कार्यालयाला तो पुरेसा आहे.

व्हीलॅन म्हणजे एकाच केबलिंगवर आखलेले, एकमेकांपासून अलग आभासी नेटवर्क. त्यांची मांडणी एकाच ब्रिजवर, म्हणजे पोर्ट एकत्र जोडणाऱ्या राउटरमधील आभासी स्विचवर, करायची असते. संगणकाच्या पोर्टला पीव्हीआयडी (पोर्टचा मूळ व्हीलॅन क्रमांक) १० दिला की तेथून येणारी विनाटॅग फ्रेम (व्हीलॅन क्रमांकाची खूण नसलेला डेटाचा तुकडा) १० क्रमांकाच्या व्हीलॅनमध्ये जाते. स्विचकडे जाणारा ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणारा) मात्र १०, २० आणि ३० या तिन्ही व्हीलॅनमध्ये टॅग्ड, म्हणजे क्रमांकाच्या खुणेसह, ठेवावा लागतो. इथवर सगळे सरळ आहे. गोंधळ होतो तो पुढे, कारण ब्रिज स्वतःदेखील एक पोर्ट मानला जातो आणि तोही प्रत्येक व्हीलॅनमध्ये टॅग्ड म्हणून नोंदवला नाही, तर फ्रेम राउटरच्या सीपीयूपर्यंत पोहोचतच नाही व यंत्रांना आयपी पत्ता मिळत नाही. ‘क्विक सेट’ या झटपट मांडणीच्या पानाचा येथे काहीही उपयोग नाही, हे नवख्याला निश्चितच खटकेल.

व्हीलॅन फिल्टरिंग (व्हीलॅनचे हे नियम ब्रिजवर लागू करणारी सोय) सर्वांत शेवटी सुरू करावे आणि त्याआधी विनबॉक्स या मायक्रोटिकच्या मांडणी-साधनातील सेफ मोड लावावा. चुकीच्या मांडणीमुळे संपर्क तुटलाच, तर राउटर त्या दरम्यानचे बदल आपणहून मागे घेतो. केवळ या सोयीसाठीही मी हेक्सला झुकते माप देईन. राउटरओएस या राउटरच्या कार्यप्रणालीच्या आवृत्ती ६ मध्ये फिल्टरिंग लावताच या मॉडेलवरील स्विचिंगचा भार सीपीयूवर येत असे. आवृत्ती ७ मध्ये तो स्विच चिपच उचलते, त्यामुळे आधी अद्ययावत करून घेणे श्रेयस्कर.

व्हीलॅन वेगळे केले म्हणजे काम संपले, असा समज मात्र नसावा. राउटर त्यांच्यातील वाहतूक सुखेनैव इकडून तिकडे पोहोचवतो, म्हणून पाहुण्यांना हिशेबाच्या संगणकांपासून रोखणारा नियम फायरवॉलच्या फॉरवर्ड चेनमध्ये (राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या नियमांच्या यादीत) स्वतःच लिहावा लागतो. उलट, मूळ फायरवॉल तशीच ठेवून नवा व्हीलॅन इंटरफेस ‘लॅन’ या अंतर्गत नेटवर्कच्या यादीत घालायचा राहिला, तर यंत्राला पत्ता मिळतो, ८.८.८.८ या इंटरनेटवरील गूगलच्या सर्व्हरला पिंगही जातो, पण राउटरकडे केलेली डीएनएस विचारणा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता मागणे) अडवली जाते आणि एकही संकेतस्थळ उघडत नाही.