स्टेडियमची वाट बघतोय, पण आधी जुन्या एचएक्स स्टॉम्पबद्दल

प्रॅक्टिस संपली की आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर थांबतो, आणि जून २०२५ मध्ये लाइन ६ कंपनीनं हेलिक्स स्टेडियम, म्हणजे गिटारच्या अॅम्पचे आणि पेडलचे आवाज एका पेटीत देणारं नवीन मशीन, जाहीर केल्यापासून तिथं दुसरा विषयच नाही. भारतात कधी येणार, कितीला पडणार, आणि सगळ्यात जास्त वेळा हे, की भावा आहे ते मशीन विकून थांबू का? मला रोज कोण ना कोण विचारतंय म्हणून एकदा सविस्तर लिहितो. माझ्याकडं त्याच कंपनीचं छोटं एचएक्स स्टॉम्प आहे, सहा वर्षं झाली, लग्नाचे रिसेप्शन, गणपतीतले कार्यक्रम, कॉलेजचं गॅदरिंग, मधे मधे रेकॉर्डिंग, सगळं त्याच्यावरच वाजवलंय. त्यामुळं आधी हातात जे आहे त्याचं सांगतो आणि मग जे यायचंय त्याची वाट मी का बघतोय ते.

एचएक्स स्टॉम्प २०१८ ला आलं. कंपनीच्या मोठ्या हेलिक्स मशीनमधलाच आवाज, पण आकार जेवणाच्या डब्याएवढा आणि वजन सव्वा किलोच्या आसपास. ज्यानं कॉम्बो अॅम्प रिक्षात घालून पावसात हॉलपर्यंत नेलाय त्यालाच ह्या सव्वा किलोची किंमत कळेल. आत अॅम्पची खरी नावं नाहीत, ट्रेडमार्कमुळं बदललेली आहेत, त्यामुळं नवीन पोरं गोंधळतात. एसेक्स ए३० म्हणजे व्हॉक्स एसी३०, ब्रिट २२०४ म्हणजे मार्शलचा जेसीएम८००, आणि जॅझ रिव्हेट १२० म्हणजे रोलंडचा जॅझ कोरस. माझा निम्मा कार्यक्रम ह्या शेवटच्यावर होतो. जॅझ कोरस हा मुळात ट्रान्झिस्टरचा अॅम्प, १९७५ चा, स्वच्छ आवाज आणि त्याचा तो कोरस, ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी वाजवायला ह्याच्यापेक्षा बरोबर आवाज मला अजून सापडला नाही. ऱ्हिदम त्याच्यावर लावला की कीबोर्ड आणि ढोलकीच्या मधे गिटार बरोबर जाऊन बसते.

ह्या मशीनबद्दल मला मनापासून आदर का आहे ते सांगतो. मी घेतलं तेव्हा एका प्रीसेटमध्ये (साठवून ठेवलेली एक पूर्ण सेटिंग) सहाच ब्लॉक मिळायचे, म्हणजे साखळीत सहाच उपकरणं. अॅम्प, कॅब (स्पीकरची पेटी), ड्राइव्ह, कॉम्प्रेसर, डिले, रिव्हर्ब, संपलं. मग २०२० मध्ये ३.० चं अपडेट आलं आणि त्याच मशीनमध्ये आठ ब्लॉक झाले, फुकट. नंतर २०२२ मध्ये ३.५० आलं त्यात कॅब सगळे नवीन केले, माइक स्पीकरसमोर कुठं ठेवायचा ते स्क्रीनवर सरकवून बघता येतं, आणि माझा ब्रिट २२०४ चा आवाज एका संध्याकाळीत बदलला, आधी वरच्या पट्टीत जो कोरडेपणा होता तो गेला. मी एक रुपया दिला नाही. म्हणून जो कोण विचारतो की जुनं झालंय का, त्याला मी सांगतो, नाही झालं.

आता त्रास. फूटस्विच फक्त तीन. एकाच गाण्यात साधा ऱ्हिदम, मग क्रंच (थोडा फुटलेला आवाज), मग सोलो, आणि सोलोवर डिले पाहिजे असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्याच प्रीसेटमधले सेटिंगचे वेगवेगळे संच, वापरावे लागतात, ते पण तीनच. मी शेवटी बाहेरून दोन बटणांचा पेडल जोडला आणि उद्यमनगरात एका लेथवाल्याकडनं सगळं बसेल अशी अॅल्युमिनियमची प्लेट करून घेतली, कडा गोल करून, खाली रबर लावून. तयार पेडलबोर्ड मागवण्यापेक्षा खूप कमी पैशात झालं आणि आजपर्यंत हललेलं नाही. दुसरं म्हणजे एक्सएलआर आउटपुट (मिक्सरला लांब वायर न्यायला लागतं ते) नाही, साधं पाव इंची जॅक आहे, त्यामुळं लांब हॉलमध्ये स्वतःचा डीआय बॉक्स (जॅकचा आवाज मिक्सरपर्यंत लांब स्वच्छ नेणारा डबा) न्यायलाच लागतो. साउंडवाल्याकडं असेल ह्या भरवशावर जाऊ नका.

तिसरी गोष्ट लाइटची. हे मशीन ९ व्होल्ट ३ अँपिअर घेतं, म्हणजे साध्या पेडलच्या अॅडॉप्टरवर चालतच नाही, सोबत जो येतो तोच जपायचा. एका लग्नात लाइट जाऊन जनरेटरवर गेलं, दिवे नुसते एकदा डोळा मिचकावल्यासारखे झाले, पण तेवढ्यात स्टॉम्प बंद पडून परत चालू व्हायला लागलं आणि अंतऱ्याच्या मधोमध माझा आवाज गायब. गायकानं सांभाळून घेतलं, पण ते काही सेकंद मला अजून आठवतात. तेव्हापासून कॉम्प्युटरला लावतात तसला छोटा यूपीएस माझ्या गाडीत असतो आणि मशीनचा प्लग फक्त त्याच्यात. आपल्याकडं मंडपात वाजवणाऱ्यानं हे केलंच पाहिजे, मशीन पन्नास हजाराचं असो नाहीतर दोन लाखाचं.

आणि कॅबचं एकदा नीट समजून घ्या, कारण निम्म्या लोकांचा डिजिटलवरचा राग इथूनच येतो. थेट मिक्सरला जाताय तर कॅब ब्लॉक किंवा आयआर (खऱ्या स्पीकरच्या आवाजाची फाइल) चालू पाहिजे. गिटारचा स्पीकर वरचा सगळा किरकिरा भाग कापून टाकतो, तो मधे नसला की ड्राइव्हचा आवाज पत्र्यावर मधमाश्या बसल्यासारखा येतो. उलट खऱ्या गिटार अॅम्पला जोडलं तर कॅब बंद करायचा, नाहीतर गोधडीखालून वाजवल्यासारखं. मिक्सरचा चॅनल लाल होत असेल तर ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट लाइनवरून इन्स्ट्रुमेंटवर आणा. आमच्यातला एक जण वर्षभर म्हणत होता डिजिटलमध्ये जीव नाही, त्याचं फक्त कॅब बंद होतं. लेटन्सीची, म्हणजे मशीनमधनं आवाज उशिरा येण्याची, पण भीती नको. आवाज हवेतनं एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अॅम्पपासून दोन मीटर लांब उभं राहिलात तरी जवळजवळ सहा मिलिसेकंद उशिराच ऐकता, आणि त्याची तक्रार कोणी करत नाही.

एवढं चांगलं चाललंय तर मग मी नवीनची वाट का बघतोय? त्याला कारण मंगळवार पेठेतले काका.

काका सत्तरच्या दशकापासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांच्याकडं एक व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा) अॅम्प आहे, कंपनीचा नाही, त्या काळी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं करून दिलेला. प्लायवूडची पेटी, बारा इंची एक स्पीकर, दोन ईसीसी८३ आणि दोन ईएल८४ असे व्हॉल्व्ह, सगळे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. पुढं दोनच नॉब, व्हॉल्यूम आणि टोन. व्हॉल्यूमच्या नॉबशेजारी पत्र्यावर खिळ्यानं एक ओरखडा काढलाय आणि काका म्हणतात, "ह्याच्या पुढं न्यायचा नाही. इथनं पुढचं सगळं हातानं करायचं."

तिथं नॉब ठेवून गिटारचा व्हॉल्यूम चारवर असेल तर आवाज एकदम स्वच्छ, आणि तोच दहावर नेला की तारेच्या टोकाला आवाज फुटायला लागतो, पण किती फुटणार ते तुम्ही तार किती जोरात छेडता त्याच्यावर. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना बघितली असेल तर कळेल मी काय म्हणतोय. घोडीवरची जागा केसाएवढी घासतात आणि तार नुसती वाजायची थांबून बोलायला लागते. ह्या अॅम्पमध्ये तसली जवारी आहे. स्टॉम्पमधला एसेक्स ए३० पण ईएल८४ वाल्या अॅम्पचाच, आणि तो चांगला आहे, मी स्टेजवर आनंदानं वापरतो, पण काकांच्या पेटीत हळू वाजवलं तर जो कण येतो तो मला त्यात पूर्ण मिळालेला नाही.

आणि तो अॅम्प आता थकलाय. एक ईएल८४ कमजोर आहे, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, पावसाळ्यात दमट हवेनं टोनचा पॉट खरखरतो. (उघडून बघायच्या भानगडीत पडू नका, बंद केल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो.) काका ७४ वर्षांचे आहेत. तो आवाज कुठंतरी ठेवायला पाहिजे असं मला दोन वर्षांपासून वाटतंय.

आवाज असा पकडून ठेवायची पद्धत नवीन नाही. केम्पर कंपनीनं २०११ मध्ये प्रोफाइलर दाखवला तेव्हापासून हे चाललंय, नंतर न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स आला, मग टोनेक्स, सगळी आवाज पकडणारीच. स्टॉम्पसारख्या मशीनच्या मॉडेलिंगमध्ये सर्किटचा एकेक भाग गणितानं मांडतात. कॅप्चरमध्ये, म्हणजे ह्या पकडायच्या पद्धतीत, अॅम्पमधनं ठरावीक आवाज पाठवायचे, काय बाहेर येतं ते रेकॉर्ड करायचं आणि न्यूरल नेटवर्कला त्यावरून शिकवायचं. न्यूरल अॅम्प मॉडेलर म्हणून एक फुकट ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, मी त्याच्यावर करून बघितलं. दुपारी दोन वाजता काकांच्या घरी, वरती पत्रा, समोर एसएम५७ माइक, लॅपटॉपमधनं रीअॅम्प बॉक्समार्गे (लॅपटॉपचा आवाज गिटार अॅम्पला चालेल असा करणारा डबा) तीन मिनिटांची ठरावीक आवाजांची टेस्ट फाइल अॅम्पमध्ये सोडली. पहिल्या वेळी निम्म्यात पाऊस आला आणि पत्र्याचा सगळा आवाज माइकमध्ये. थांबलो, काकूंनी चहा दिला, पाऊस उघडला तसं परत केलं. मग घरी येऊन रात्री मॉडेल शिकवलं, इंटरनेटवरच्या कॉम्प्युटरवर, फार वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना हेडफोन लावले. तोच तुकडा खऱ्या अॅम्पचा आणि कॅप्चरचा, उलटसुलट करून. तीनदा विचारलं, दोनदा त्यांनी बरोबर ओळखलं आणि एकदा चुकले. चुकल्यावर हेडफोन काढून बराच वेळ त्या पेटीकडं बघत बसले आणि म्हणाले, "जवळ आलंय." त्यांच्या तोंडनं हे येणं माझ्यासाठी फार मोठं आहे. मर्यादा आहेच, कॅप्चर म्हणजे नॉबची ती एकच जागा, टोन फिरवला तर तो खऱ्या अॅम्पसारखा फिरत नाही. पण काका नॉब फिरवतच नाहीत, त्यामुळं आम्हाला त्या ओरखड्याचंच कॅप्चर पाहिजे होतं.

अडचण ही की ती फाइल स्टॉम्पमध्ये चालत नाही, आणि मंडपात लॅपटॉप ठेवून मी वाजवणार नाही. स्टेडियममध्ये प्रॉक्सी नावाचं कॅप्चरचं फीचर देणार असं घोषणेत सांगितलंय, म्हणजे अॅम्प मशीनला जोडून आवाज पकडायचा, आणि पुढंमागं माझे नेहमीचे डिले, कोरस, स्नॅपशॉट. मला ह्याचीच ओढ आहे. बाकी अगूरा म्हणून नवीन मॉडेलिंग आहे, आठ इंची टच स्क्रीन आहे, जुने हेलिक्सचे अॅम्प पण आत ठेवलेत, हे सगळं छानच. पण एक नीट लक्षात घ्या, प्रॉक्सी पहिल्या दिवसापासून नाही, नंतरच्या अपडेटमध्ये येणार असं कंपनीनंच सांगितलंय. फक्त त्याच्यासाठी घेणाऱ्यानं ते अपडेट हातात आल्याशिवाय पैसे काढू नयेत, मी पण काढणार नाही. स्टेडियमच्या मोठ्या एक्सएल मॉडेलची किंमत २०२५ च्या घोषणेत २,१९९ डॉलर सांगितली होती, म्हणजे तेव्हाच्या दरानं रुपयात एक लाख नव्वद हजाराच्या घरात, आणि त्यावर कस्टम्स आणि जीएसटी वेगळा.

मग पोरांनो, गणपतीच्या आणि लग्नाच्या तारखा हातात असतील तर आहे ते मशीन विकू नका. सीझन गेला की पैसेही जातात आणि हाताची सवयही जाते. ज्याला फक्त एका अॅम्पचा चांगला आवाज पाहिजे त्यानं टोनेक्स वन बघावं, मुठीत मावतं, वीस प्रीसेट राहतात आणि स्टेडियमच्या मानानं किंमत अगदीच कमी. आमच्यातल्या एकानं घेतलंय, मी त्याच्यावर वाजवून बघितलं आणि क्रंच ऐकून खरंच खूश झालो. पण ज्याला पूर्ण कार्यक्रम एका पेटीतनं करायचाय आणि नवीन घ्यायचंच आहे त्याला वापरलेलं एचएक्स स्टॉम्प मी आजही डोळे झाकून सांगेन. घेताना तीनही फूटस्विच दहा-दहा वेळा दाबून बघा, हेडफोन जॅक हलवून बघा, आणि कंपनीचा अॅडॉप्टर सोबत आहे का ते आधी विचारा.

माझं म्हणाल तर प्रॉक्सी येईपर्यंत काकांचा अॅम्प चालता ठेवायचाय, म्हणजे तेव्हा परत एकदा, कोरड्या हवेत, डिसेंबर-जानेवारीत, नीट कॅप्चर करता येईल. त्यासाठी ईएल८४ ची एक चांगली जोडी पाहिजे. जुने रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणाऱ्या कुणाच्या माळ्यावर भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह पडून असतील, कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी कुठंही, तर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जातो, आणि काकांनाही घेऊन येतो.