लाँगयिअरब्येन की रेझोल्युट? आर्क्टिकचं विमान निवडताना

आर्क्टिकला जायचं ठरलं की बहुतेक जण नकाशावर किलोमीटर मोजतात आणि तिथेच चुकतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून स्वालबार्ड या नॉर्वेच्याच द्वीपसमूहातलं लाँगयिअरब्येन सुमारे ९६० किमी, कॅनडातल्या इकालुइटहून रेझोल्युट सुमारे १,५७५. वेळेचं प्रमाण मात्र याहून फार वेगळं पडतं.

पहिला प्रवास साधारण पावणेदोन तासांचा. नेहमीचं जेट, डांबरी धावपट्टी, ऑस्लोहूनही तीन तासांत थेट पोचता येतं. भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आणखी पुढे, न्यू-ऑलेसुंदला आहे. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेची माणसंही लाँगयिअरब्येनवरूनच तिकडे जातात.

रेझोल्युटची धावपट्टी खडीची, आणि खरा फरक इथे पडतो. आजच्या जेटची इंजिनं जमिनीलगत असतात, उडालेला दगड सरळ आत ओढला जातो. जुन्या बोइंग ७३७-२०० ला यासाठी खास साज चढवत: पुढच्या चाकामागे दगड अडवणारा पत्रा, आणि इंजिनाच्या तोंडाशी एक नळी, जी खाली हवेचा झोत मारून खडी वर येऊ देत नाही. ती विमानं आता म्हातारी झाली. त्यांच्या जागी येणारं एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी जेमतेम ५०० किमी जातं. म्हणजे हवेतच तीन तासांहून जास्त, वाटेत 'आर्क्टिक बे' या गावी थांबा असेल तर अर्धा दिवस गेलाच. शिवाय विमान रोज नसतं. धुक्याने एक फेरी रद्द झाली की पुढची काही दिवसांनी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आठवड्याची रजा असेल तर लाँगयिअरब्येनच. रेझोल्युटला जाणाऱ्याने परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत, आणि गावाचा इतिहास वाचून जावं. १९५३ मध्ये कॅनडा सरकारने इनुइट या आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांच्या कुटुंबांना दक्षिणेकडून उचलून इथे आणून वसवलं. त्याबद्दल माफी मागायला २०१० उजाडलं.

दोन्ही एकाच फेरीत उरकायचा विचार सोडा. सरळ रेषेत दोघांत सुमारे २,४७० किमी आहेत, पण थेट प्रवासी विमान नाही. ऑस्लो, ओटावा, इकालुइट असं फिरून जाताना ११ हजार किमी पार होतात.

राहिला व्हिसा. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. नॉर्वेतून तिकडे गेलात की शेंगेन सोडलंत, परतताना पुन्हा प्रवेश. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी पाहावं. इकालुइट-रेझोल्युट हा देशांतर्गत प्रवास, तिथे कॅनडाचा एकच व्हिसा पुरतो.